पिनकोड आमचा, दुकान त्यांचे!



गेल्या महिन्यात शेडच्या फाटकावर खाजगीकरणाविरोधी द्वारसभा झाली. भाषण आमचेच होते. घोषणा दणक्यात झाल्या, पत्रके वाटली गेली. सभा संपल्यावर एक तरुण ट्रॅक मेंटेनर जवळ आला आणि हळूच म्हणाला, "दादा, राग मानू नका. ही पत्रकं छापायचे पैसे प्रेसवाल्याला तुम्ही कोणत्या ॲपवरून पाठवले?" आम्ही नाव सांगितले. तो म्हणाला, "त्या कंपनीची मालकी अमेरिकेतल्या वॉलमार्टकडं आहे, दादा." आणि नमस्कार करून ड्यूटीवर निघून गेला.

तो उद्धटपणे बोलला नव्हता. पण त्या दिवशी घरी गेल्यावर आम्हाला जेवण गोड लागले नाही. जेवताना आम्ही घरातल्या मंडळींना विचारले, "तुमच्या मोबाईलवर तुम्हाला सगळ्यात जास्त काय आवडतं, सांगा पाहू." सौभाग्यवतींनी साड्यांचे ऑनलाइन दुकान सांगितले. सुनेने किराणा घरपोच देणारे ॲप सांगितले. मुलगा आरएमएसमध्ये सॉर्टिंगला आहे. त्याने गाडी कुठवर आली हे दाखवणारे ॲप, मोबाईल-लॅपटॉप विकणारे दुकान आणि पैसे पाठवायचे ॲप अशी तीन नावे घेतली. रेल्वेवाल्याचे घर, त्यात पोरगा टपाल खात्यातला, आणि यादीत रेल्वेचे किंवा पोस्टाचे एकही नाव नाही! आम्ही फाटकावर जे बोललो, ते आमच्याच ताटाजवळ येऊन पडले.

म्हणून हा लेख. दुसऱ्याला शहाणपण शिकवण्यासाठी नव्हे, तर आपल्या सर्वांच्या घरात जे चालले आहे त्याचा हिशेब मांडण्यासाठी. आम्ही दहावी शिकलेली माणसे. संगणकाच्या पोटात काय चालते ते आम्हाला कळत नाही. पण मालक कोण, राबणारा कोण आणि पैसा कोणाच्या खिशात जातो हे कळायला फार शिक्षण लागत नाही.

सुरुवात पोस्टापासून करू. कोणतेही ऑनलाइन दुकान उघडा. ते तुमच्या नावाच्याही आधी पिनकोड विचारते. हे सहा आकडे कोणा परदेशी कंपनीने शोधलेले नाहीत. १५ ऑगस्ट १९७२ रोजी आपल्या डाक-तार खात्याने ते देशात लागू केले, आणि ती योजना तयार करणारे अधिकारी होते श्रीराम भिकाजी वेलणकर, संस्कृतचे पंडित आणि आपल्या कोकणातले मराठी माणूस. एकट्या महाराष्ट्रात पिंपळगाव किती आहेत ते मोजून पाहा! त्यात पत्ते दहा भाषांत लिहिलेले, अक्षरे कोंबडीच्या पायासारखी. म्हणून पहिल्या आकड्याने विभाग, पहिल्या तिहींनी सॉर्टिंगचा जिल्हा आणि शेवटच्या तिहींनी पोस्ट ऑफिस अशी सोय झाली. आमच्या भुसावळचा ४२५२०१ हा आकडा पाहिला की तामिळनाडूतल्या सॉर्टरलाही पत्र कोणत्या थैलीत टाकायचे ते समजते. चालत्या गाडीत, मेल व्हॅनच्या मिणमिणत्या दिव्याखाली उभे राहून आरएमएसच्या माणसांनी ही पद्धत अंगवळणी पाडली. पोस्टमनने गल्लीबोळ पालथे घालून ती घरोघर रुजवली. आज परदेशी भांडवलावर चालणारी दुकाने याच सहा आकड्यांवर धंदा करतात, आणि त्यासाठी त्यांना एक पैसाही मोजावा लागत नाही. पिनकोड आमचा, दुकान त्यांचे! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

आता रेल्वेकडे वळू. १९८५ मध्ये दिल्लीत संगणकावर आरक्षण सुरू झाले. पुढच्या वर्षी रेल्वेने आपली स्वतःची 'क्रिस' ही संस्था उभी केली आणि पुढे देशभरची आरक्षण केंद्रे एका जाळ्यात जोडली गेली. हे सॉफ्टवेअर सार्वजनिक पैशातून, आपल्याच देशातल्या अभियंत्यांनी घडवले. १९९९ मध्ये आयआरसीटीसी ही कंपनी स्थापन झाली आणि २००२ च्या ऑगस्टमध्ये इंटरनेटवर तिकीट मिळू लागले. आज दर पाच आरक्षित तिकिटांपैकी चाराहून अधिक तिकिटे ऑनलाइन काढली जातात. गाडी रेल्वेची, डबा रेल्वेचा, गार्ड-ड्रायव्हर रेल्वेचे, आरक्षणाचा संगणक रेल्वेचा. आयआरसीटीसीकडे आहे ते त्या संगणकाचे दर्शनी दार.

या दारातून आत शिरायला शुल्क आहे. नोटाबंदीच्या वेळी, २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये, ते माफ केले होते. १ सप्टेंबर २०१९ पासून पुन्हा बसवले. विनावातानुकूलित तिकिटाला १५ रुपये, वातानुकूलितला ३० रुपये, वर जीएसटी; यूपीआयने पैसे भरले तर १० आणि २०. यालाच सुविधा शुल्क म्हणतात. सुविधा कोणाची? प्रवासी स्वतःच्या मोबाईलवर, स्वतःच्या डेटाने, स्वतःच फॉर्म भरतो. रेल्वेला बुकिंग क्लार्कचा पगार वाचतो, कागद वाचतो, खिडकी वाचते. ज्याने काम वाचवले त्यालाच दंड! खिडकीवर हे शुल्क नाही. आणि प्रतीक्षा यादीतले ऑनलाइन तिकीट पक्के झाले नाही, तरी सुविधा शुल्क परत मिळत नाही. प्रवास घडला नाही, पण सुविधा मात्र घडली!

हा पैसा कोठे जातो ते पाहा. शुल्क सप्टेंबर २०१९ मध्ये परत आले आणि पुढच्याच महिन्यात, १४ ऑक्टोबरला, कंपनी शेअर बाजारात उतरली. ३२० रुपयांना दिलेला शेअर पहिल्या दिवशी दुपटीच्या भावाने उघडला. त्यानंतर सरकारने २०२० आणि २०२२ मध्ये आणखी हिस्सा विकला. आज सरकारकडे सुमारे ६२ टक्के उरला आहे. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये रेल्वे मंत्रालयाने कंपनीला कळवले की सुविधा शुल्कातला निम्मा वाटा रेल्वेला द्या. मागणी रास्तच होती. पण शेअर कोसळला, दलाल स्ट्रीटवर आकांत झाला, आणि दुसऱ्याच दिवशी मंत्रालयाने आपला निर्णय मागे घेतला. बंधूंनो, आपण आठ-आठ महिने निवेदने देतो, धरणे धरतो, तरी एका प्रमोशनची फाईल हलत नाही. शेअर बाजाराने एका सकाळी डोळे वटारले आणि मंत्रालय चोवीस तासांत झुकले. सरकार कोणाचे ऐकते याचा याहून वेगळा पुरावा हवा का? हातच्या काकणाला आरसा कशाला!

आणि नुसते शुल्कच नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये याच कंपनीने प्रवाशांच्या माहितीतून पैसा कसा उभा करता येईल हे सांगणारा सल्लागार नेमण्यासाठी निविदा काढली होती. कोण कोठून कोठे गेला, कोणाबरोबर गेला, वय काय, फोन काय. लोकांनी आरडाओरडा केला, प्रश्न संसदीय समितीपुढे गेला, तेव्हा निविदा मागे घेण्यात आली. म्हणजे ओरडल्याने फरक पडतो, हे ध्यानात ठेवा. न ओरडता बसलो असतो तर आपल्या पोरीबाळींच्या प्रवासाची यादी बाजारात गेली असती.

आमचा मुलगा म्हणतो, "बाबा, गाडीची वेळ बघायला ते दुसरं ॲप बरं पडतं." पडत असेल. पण ते ॲप बनवणारी कंपनी २०१८ मध्ये गूगलने विकत घेतली. गाडी धावते आपली. सिग्नल आपला, स्टेशन मास्तर आपला. क्रिसचे स्वतःचे एनटीईएस हे चौकशीचे ॲप आहे. १ जुलै २०२५ रोजी तिकीट, चौकशी आणि तक्रार एकत्र करणारे 'रेलवन' आले, तेही क्रिसनेच बनवले. यांत उणिवा आहेत, आम्ही नाकारत नाही. पण आपल्या घरातली माणसे जर ते वापरणारच नाहीत, तर उणिवा सांगणार कोण आणि दुरुस्त करून घेणार कोण?

पैशांच्या ॲपचेही तेच. यूपीआय ही सोय २०१६ मध्ये आली. ती एनपीसीआय या बँकांनी मिळून चालवलेल्या संस्थेने उभी केली. जगाने वाखाणावी अशी ही गोष्ट आहे, यात शंका नाही. रस्ता सार्वजनिक बांधला, पण त्यावर आज गाड्या कोणाच्या धावतात? फोनपे आणि गूगल पे या दोन ॲपवरून मिळून पाचात चार व्यवहार होतात. पहिल्याची बहुतांश मालकी वॉलमार्टकडे, दुसरे तर नावातच आहे. कोणत्याही एका ॲपने तीस टक्क्यांहून अधिक धंदा करू नये असे एनपीसीआयने २०२० मध्ये जाहीर केले. ती मुदत पुढे ढकलत ढकलत २०२६ च्या अखेरपर्यंत नेली. आपल्या पगारातली वसुली एक तारखेला होते, तिला कधी अशी मुदतवाढ मिळाली आहे काय? भीम हे ॲप एनपीसीआयचे स्वतःचे आहे. पोस्टाची पेमेंट्स बँक १ सप्टेंबर २०१८ पासून आहे. पत्रके छापायचे पैसे आम्ही आता तेथूनच पाठवतो. त्या तरुण ट्रॅक मेंटेनरला हे जाहीर उत्तर.

आता दुकानांकडे. पूर्वी रेडिओ, टेपरेकॉर्डर, कॅलक्युलेटर घ्यायचे तर मुंबईचा माणूस लॅमिंग्टन रोडला जायचा. दिल्लीचा संगणकासाठी नेहरू प्लेसला. आमच्यासारखे गावातले स्टेशन रोडवरच्या दुकानात जायचे. दुकानदार ओळखीचा, पगार झाल्यावर द्या म्हणायचा, बिघडले तर पदरच्या पोराकडून दुरुस्त करून द्यायचा. तोही काही साधू नव्हता. दोन पैसे जास्तच लावायचा. पण त्याची वजनकाटा तपासणी व्हायची, त्याच्या दारात जाऊन भांडता यायचे. ऑनलाइन दुकानाने भाव पाडले. हे भाव पाडण्याचे बळ कोठून आले? फ्लिपकार्ट २००७ मध्ये बंगळूरात दोन तरुणांनी पुस्तके विकण्यासाठी सुरू केली. २०१८ मध्ये वॉलमार्टने तिचा ७७ टक्के हिस्सा १६ अब्ज डॉलरला घेतला. एवढा पैसा ओतणारा माणूस वर्षानुवर्षे तोटा सोसू शकतो. स्टेशन रोडवरचा दुकानदार दोन दिवाळ्या सोसू शकत नाही. तो मिटला की मग भाव कोण ठरवणार, हे आम्ही सांगायला नको.

पण या लेखात आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते दुकान नाही. ते आहे आपले दार, आणि दारात उभा असलेला मुलगा.

गेल्या पावसाळ्यात रात्री साडेनऊला क्वार्टरची बेल वाजली. सुनेने मागवलेला इअरफोन आला होता. तिसऱ्या मजल्यावर चढून आलेला पोरगा नखशिखांत भिजलेला, पार्सल मात्र प्लॅस्टिकमध्ये कोरडे ठेवलेले. "काका, ओटीपी सांगा लवकर." चेहरा ओळखीचा वाटला म्हणून विचारले, तर आमच्याच सेक्शनमधून निवृत्त झालेल्या कीमनचा धाकटा. बी.ए. झालेला. रेल्वे भरतीची परीक्षा दोनदा दिलेली. आम्ही त्याला आत बोलावले, चहा दिला. तो खुर्चीच्या कडेवर बसला आणि फोनकडे पाहत राहिला. एका पार्सलचे १४ रुपये मिळतात म्हणाला. पेट्रोल स्वतःचे, गाडीचा हप्ता स्वतःचा. साप्ताहिक सुट्टी नाही, आजारपणाची रजा नाही, फंड नाही. पडला-झडला तर दवाखाना स्वतःचा. "मग मालक कोण तुझा?" आम्ही विचारले. तो म्हणाला, "मालक नाही काका. आम्हाला पार्टनर म्हणतात."

पार्टनर! बाप ऊन-पावसात रोज रुळाचे किलोमीटर चालला, पण महिना संपला की पगार होता, पास होता, रेल्वेचा दवाखाना होता, म्हातारपणी पेन्शन आहे. हे सारे कोणी खिरापत म्हणून वाटले नाही. १९४६ चा टपालाचा संप, १९६० चा केंद्रीय कर्मचाऱ्यांचा संप, मे १९७४ चा रेल्वे संप, यांत माणसे तुरुंगात गेली, नोकरीला मुकली, तेव्हा हे टिकले. त्याच कीमनचा मुलगा आज भागीदार म्हणवला जातो आणि त्याच्या भागात येते फक्त चिंब भिजणे. आमची सून इअरफोनला हात लावीना. म्हणाली, "बाबा, सकाळी आला असता तरी चाललं असतं की."

या मुलांची संख्या थोडी नाही. नीती आयोगाने २०२२ च्या अहवालात २०२०-२१ साठी ७७ लाख गिग कामगार धरले, आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील असा अंदाज दिला. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात त्यांचे नाव आले, कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के निधीत द्यावेत अशी तरतूद आली. पण कामगार म्हणून मान्यता, किमान वेतन, कामाचे तास यांचा तिच्यात पत्ता नाही. या मुलांनी २०२५ च्या डिसेंबरमध्ये नाताळला आणि वर्षअखेरीला संपाची हाक दिली. किती फोन बंद राहिले हा प्रश्न नाही. ज्यांना एकमेकांची नावेही माहीत नाहीत ती पोरे एकत्र येऊ पाहतात, ही बातमी आहे.

आणि आपल्या घरातले झाकून ठेवू नका. टपाल खात्यातले अडीच लाखांच्या घरातले ग्रामीण डाकसेवक हे सरकारचे 'पार्टनर'च नाहीत काय? दीड लाखाहून अधिक पोस्ट ऑफिसांतली दहात नऊ खेड्यांत आहेत आणि ती त्यांच्याच खांद्यावर उभी आहेत. २०१८ मध्ये चार तासांच्या कामाला शाखा डाकपालाचा मूळ भत्ता १२ हजार ठरला, सहायकाचा १० हजार. नियमित कर्मचारी म्हणून मान्यता नाहीच. २०२० च्या एप्रिलमध्ये टाळेबंदीत सारे बंद होते. तेव्हा खेड्यात म्हातारीच्या दारात जाऊन अंगठ्यावर तिचे पैसे हातात कोणी दिले? पोस्टमनने आणि डाकसेवकाने. औषधांची खोकी कोणी वाहिली? रेल्वेच्या पार्सल गाड्यांनी आणि टपालाच्या लाल गाड्यांनी. जेथे नफा नाही तेथे आजही तेच जातात.

कोणी म्हणेल, "तुम्ही युनियनवाले संगणकाला विरोध करत होता, आता ॲपला करता." याचे उत्तर सरळ देतो. संगणक आला तेव्हा आमच्या आधीच्या पिढीने विरोध केला. आरक्षणासाठी रात्रभर रांगेत झोपणाऱ्या प्रवाशाला त्याने दिलासा दिला, हे आम्ही मान्य करतो. तेवढ्यापुरता तो विरोध चुकला. पण कामगारांच्या जागा जातील हे त्यांचे म्हणणे चुकले होते काय? रिकाम्या खुर्च्या मोजा आणि सांगा. आमचे भांडण यंत्राशी नाही. यंत्राने वाचलेला पैसा आणि वेळ कोणाच्या पदरात पडतो, यावर भांडण आहे. आणि ज्याच्याकडे चांगला फोन नाही, ज्याला इंग्रजी फॉर्म भरता येत नाही, त्या मजुराचे काय? सकाळी दहाला आणि अकराला तत्काळ उघडते तेव्हा खिडकीवरचा माणूस आणि वेगवान फोनवाला यांची शर्यत लागते. ती खिडकी जिवंत ठेवणे हे आपले काम आहे.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत:

१. ऑनलाइन तिकिटावरचे सुविधा शुल्क रद्द करा. तोवर त्यातला रास्त वाटा रेल्वेला द्या आणि तो प्रवासी सोयींवर खर्च करा.

२. प्रवाशांची माहिती कोणत्याही रूपाने विकणार नाही असे लेखी जाहीर करा.

३. आरक्षण खिडक्या बंद करू नका, रिक्त जागा भरा.

४. रेल्वे आणि टपाल यांनी मिळून पार्सल वाहण्याची घोषणा २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात झाली, सुरत-वाराणसी अशी सुरुवातही झाली. ती पुरेशी माणसे आणि डबे देऊन देशभर वाढवा.

५. ग्रामीण डाकसेवकांना नियमित करा.

६. घरपोच काम करणाऱ्यांना कामगार म्हणून मान्यता द्या.

सरकारकडे मागण्या झाल्या. आता स्वतःकडे. मोबाईल फेकून द्या असे आम्ही सांगणार नाही. ते आमच्या घरातही कोणी ऐकणार नाही. एवढेच सांगतो: तिकीट, चौकशी, पैसे पाठवणे यांसाठी जेथे सार्वजनिक ॲप आहे तेथे आधी ते वापरा, आणि बिघडले की तक्रार नोंदवा. गावी पार्सल पाठवायचे तर आधी पोस्टात जा. फोन दुरुस्तीला स्टेशन रोडच्या पोराकडे द्या. रात्री-अपरात्रीची घाईची मागणी टाळा. आणि दारात जो येईल त्याला पाणी विचारा, त्याचे नाव विचारा, युनियनच्या कचेरीचा पत्ता द्या. इटारसी असो, सिकंदराबाद असो, हुबळी असो की वडोदरा, प्रत्येक रेल्वे कॉलनीत असा मुलगा दिवसातून दहादा येतो. त्याच्यापर्यंत पोचायला आपल्याला दौरा काढावा लागत नाही. तोच आपला जिना चढून येतो.

कीमनचा तो मुलगा आता रविवारी आमच्या कचेरीत येतो. येताना आणखी चौघांना घेऊन आला. एकमेकांना ते आजवर फक्त गोदामाच्या रांगेत पाहत होते. त्यांची पहिली मागणी काय, ठाऊक आहे? पावसाळी रेनकोट कंपनीने द्यावा. आपल्याही युनियनची सुरुवात अशाच कुठल्या तरी लहान मागणीने झाली होती, हे जुन्यांना आठवत असेल.

पिनकोड आमचा, रूळ आमचे, घाम आमचा. हिशेबही आम्हीच मागणार!

कामगार एकजुटीचा विजय असो!